आठवीतच दहावीचं गणित?

प्रश्न : माझी मुलगी नाशिक रोडच्या एका शाळेत आठवीत आहे, सेमी इंग्रजीला. जूनमध्ये आणलेलं गणिताचं पुस्तक तिने दिवाळीच्या आतच संपवलं आणि आता गणिताच्या तासाला वहीत चित्रं काढत बसते. माझे दीर न्यू जर्सीत असतात. त्यांचा मुलगा हिच्याच वयाचा, पण त्याला शाळाच वरच्या वर्गाच्या गणिताला बसवते, आणि अकरावीत तो कॅल्क्युलस करणार म्हणे. इथे जेलरोडच्या एका क्लासमध्ये चौकशी केली, तर ‘फाउंडेशनला घाला, नववीतच अकरावीचं गणित सुरू करून देतो’ म्हणाले. फीचा आकडा ऐकून आम्ही गप्प घरी आलो. आपल्याकडे शाळेत अशी पुढे जायची सोय आहे का? नसेल तर क्लास लावावा का? की ही मागे पडेल?
– एक आई, नाशिक रोड

उत्तर : ताई, आधी सरळ उत्तर. राज्य मंडळाच्या शाळेत अशी सोय नाही. बाकी विषय आठवीचे आणि गणित तेवढं दहावीचं देऊन गुणपत्रिकेवर आगाऊ जमा करता येत नाही. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचं म्हटलं तरी वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, आणि बसावं लागतं सगळ्या विषयांना. एखादे मोकळ्या मनाचे मुख्याध्यापक तुमच्या मुलीला गणिताच्या तासापुरतं नववीत बसू देतीलही. पण दोन्ही वर्गांचे तास जुळायला हवेत, आणि वर्षाअखेरीस पेपर आठवीचाच लिहायचा.

मागे पडण्याची भीती मात्र काढून टाका. पुतण्याची आणि तुमच्या मुलीची तुलना करायची तर दोन्हीकडच्या गाड्या कशा जोडल्यात ते आधी पाहावं लागेल.

अमेरिकेतलं शाळेचं गणित मालगाडीसारखं असतं, डब्यामागे डबा. अल्जिब्रा वन, मग जॉमेट्री, मग अल्जिब्रा टू, मग प्रीकॅल्क्युलस, आणि शेवटी कॅल्क्युलस. एक डबा म्हणजे एक अख्खं वर्ष. सर्वसाधारण वेगाने नववीत अल्जिब्रा वन घेतलं, तर बारावी संपताना मूल प्रीकॅल्क्युलसच्या डब्यात असतं. कॅल्क्युलस त्याला कॉलेजात भेटतं. नामवंत कॉलेजांना अर्ज करताना शाळेतच कॅल्क्युलस झालेलं दिसावं, म्हणून अल्जिब्रा वन आठवीत उरकायचं. फारच घाई असेल तर सातवीत. जॉमेट्रीचं वर्षभराचं काम उन्हाळ्याच्या सुट्टीत कोंबून बसवणारे पालकही आहेत, आणि त्यात आपली देशी मंडळी पुढे असतात हे मी न सांगताही तुमच्या दिरांना ठाऊक असेल.

आपल्याकडे डबे नाहीत, दोन रूळ आहेत. बीजगणित आणि भूमिती बरोबरीने धावतात. तुमच्या मुलीच्या आठवीच्या एकाच पुस्तकात बैजिक राशींचे अवयव, त्रिकोणांची एकरूपता आणि चक्रवाढ व्याज शेजारी शेजारी नांदतात. दहावीत एका भागात वर्गसमीकरणं नि अंकगणिती श्रेढी, दुसऱ्या भागात समरूपता नि त्रिकोणमिती; ४०-४० गुणांचे दोन पेपर. अकरावी सायन्सच्या गणिताच्या दुसऱ्या भागात लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशन येतं. बारावीला इंटिग्रेशन आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. आता हिशेब करा. तिकडे पोरांना सातवी-आठवीपासून पळवून जे अकरावी-बारावीत गाठायचं, ते इथे अकरावी सायन्सला गणित घेतलेल्या प्रत्येकाच्या ताटात आपसूक पडतं. किती जणांना पचतं हा प्रश्न वेगळा. पण तुमची मुलगी काही न करता, शाळेच्या नेहमीच्या वेगाने चालत राहिली, तरी पुतण्या जिथे धापा टाकत पोचेल तिथे साधारण त्याच सुमाराला असेल.

तिकडेही या शिडीवरून भांडणं आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ मध्ये आठवीतलं अल्जिब्रा वन बंदच केलं आणि सगळ्यांना ते नववीत दिलं. हेतू असा की आठवीतच मुलांच्या दोन जाती पडू नयेत. पालक चिडले, ज्यांना परवडलं त्यांनी बाहेर पैसे भरून शिकवलं, आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘आठवीतलं अल्जिब्रा परत आणा’ असा कौल दिला. गणिताच्या एका पुस्तकावर नगरपालिकेच्या निवडणुकीसारखं मतदान! आपल्या दत्त मंदिर चौकात असं काही झालेलं मला बघायला आवडेल.

पुढे पळवणं वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. आम्हा जुन्या शिक्षकांना तसं म्हणायची सवय आहे आणि ती चुकीची आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये एक अभ्यास सुरू केला. कॉलेज प्रवेशासाठी सतरा-अठरा वर्षांची मुलं देतात ती सॅट परीक्षा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या हुशार मुलांना दिली. आपल्या वर्गाच्या पेपरात ही सगळी मुलं वरच्याच नंबरात असत, त्यामुळे कोण किती पुढे ते कळत नसे. मोठ्यांच्या पेपरात ते कळलं. त्यांपैकी ज्यांना खरोखर पुढचं गणित दिलं गेलं त्यांचा पाठपुरावा कित्येक दशकं चालला. पुढे नेल्याने त्यांचं नुकसान झालेलं दिसलं नाही. बहुतेकांचं भलंच झालं. टेरेन्स टाओचं उदाहरण तर जगजाहीर आहे. ॲडलेडच्या या मुलाने १९८६ मध्ये, दहा वर्षांचा असताना, आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक मिळवलं, पुढच्या वर्षी रौप्य, त्याच्या पुढच्या वर्षी सुवर्ण. त्याच्या आईवडिलांची एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. त्यांनी त्याला सरसकट वरच्या वर्गात ढकललं नाही. गणितात तो मोठ्या मुलांबरोबर बसे, बाकी विषयांत इतका पुढे नसे. आणि विद्यापीठाचं गणित लहानपणीच सुरू झालं तरी पूर्णवेळ विद्यापीठात पाठवायची त्यांनी घाई केली नाही.

आपल्याकडे याची एक जुनी, ओबडधोबड आवृत्ती होती. डबल प्रमोशन. गुरुजींनी सांगायचं ‘हा पोरगा इथे वाया जातोय’ आणि पोरगा तिसरीतून थेट पाचवीत. दुसरी आवृत्ती अजून आहे, तिला आपण अ तुकडी म्हणतो. पण अ तुकडीत गणित तेच, फक्त शांतता जास्त. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला बेसिक आणि स्टँडर्ड असे गणिताचे दोन पेपर केले, तेही वर्गात एकच पुस्तक शिकवून. फरक फक्त पेपरच्या काठिण्याचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय खरं, की विषय दोन पातळ्यांवर देता यावेत आणि सुरुवात गणितापासून व्हावी. ते नाशिक रोडच्या शाळेतल्या फळ्यापर्यंत येईतो तुमची मुलगी इंजिनिअर झालेली असेल. तिच्यासाठी त्याची वाट पाहू नका.

आता क्लासचं. फाउंडेशन या शब्दाचा अर्थ पाया. पायाच्या नावाखाली जे विकलं जातं तो बहुतेक वेळा दुसरा मजला असतो. अकरावीचा पोर्शन नववीत ‘कव्हर’ करायचा, सूत्रं पाठ करून घ्यायची, पर्यायी उत्तरांवर खुणा करायला शिकवायचं. हेतू जेईईचा. तोही वाईट नाही, पण मग त्याला जेईईची तयारी म्हणावं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या; त्यांत सोळा वर्षांखालच्या मुलांना, किंवा दहावीची परीक्षा होण्याआधी, प्रवेश देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय. तुमची मुलगी तेरा वर्षांची. तो कागद त्या क्लासवाल्यांनी वाचला असेलच. शिवाय एमएचटी-सीईटीपुरतं बोलायचं तर अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, बाकी ८० टक्के बारावी. ज्या परीक्षेत अकरावीचा एवढाच भाग, तिच्यासाठी नववीत अकरावी कशाला?

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी नववीतला एक मुलगा आला होता. साइन एक्सचं डेरिव्हेटिव्ह विचारलं, क्षणात सांगितलं. मग विचारलं, डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय रे? तो म्हणाला, ‘ते पुढच्या मॉड्यूलला आहे.’ त्याच दिवशी त्याने तीन अष्टमांश आणि दोन पंचमांशांची बेरीज पाच तेरांश लिहिली. मुलगा हुशार होता, हे मी मुद्दाम सांगतो.

म्हणून आधी बघा, की मुलीने पुस्तक संपवलंय की फक्त त्यातली उदाहरणं संपवलीत. यासाठी मला फी द्यायची गरज नाही. स्वयंपाकघरातच तिला एक प्रश्न विचारा. कोणतीही दोन अंकी संख्या घे, अंक उलटे कर, मोठीतून लहान वजा कर. ७३ आणि ३७, फरक ३६. ८१ आणि १८, फरक ६३. उत्तराला दर वेळी नऊने भाग जातो. का?

पाठांतरवाली मुलं आणखी पाच उदाहरणं करून दाखवतात आणि म्हणतात, ‘जातोच की.’ थोडी पुढची मुलं चाचपडतात. आणि एखादी मुलगी पेन्सिल घेऊन लिहिते, की अंक क आणि ख धरले तर संख्या १०क + ख, उलटी १०ख + क, आणि फरक ९(क − ख). तुमच्या मुलीने हे कुणी न सांगता केलं, तर ती खरोखर पुढे आहे. मग स्टॅनलींची युक्ती करा. बालभारतीचं दहावीचं पुस्तक आणून वर्गसमीकरणांचं प्रकरण तिला एकटीला वाचायला द्या, आठवडाभर. आठवड्याने सूत्राने उकल काढायला सांगू नका. ते सूत्र आलं कुठून, ते तिला तुम्हाला समजावून सांगू दे. तुम्हाला कळलं तर तिला कळलंय.

तिने समजावलं तर दहावीचं पुस्तक तिचं. रोखायचं काहीच कारण नाही, बिनदिक्कत पुढे जाऊ द्या. पण त्याहून चांगला रस्ता तुमच्या घरापासून एका स्टेशनावर आहे.

नाशिक रोडहून मुंबईकडे जाताना पहिलंच स्टेशन देवळाली. तिथल्या शाळेत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे मास्तर होते. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी, आणि त्यापुढे गणिताचं औपचारिक शिक्षण शून्य. एमएस्सी नाही, पीएचडी नाही. दिवसा पोरांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आकड्यांशी खेळायचं. त्या खेळाला अनेक विद्वान पोरखेळ समजत. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, तेव्हा जग जागं झालं. मास्तर तोवर सत्तरीचे झाले होते.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध १९४९ चा, आणि तो तुमच्या मुलीच्या आवाक्यातला आहे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. ३५२४ घेऊ. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. पुन्हा तेच. ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा. ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता ६१७४ वर तेच करा: ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ च्या दारात. शून्य मात्र खाऊ नका. १००० घेतली तर पहिली वजाबाकी ०९९९ अशी चार अंकीच लिहायची.

इथपर्यंत जादूचा प्रयोग. मोबाइलवर हजार व्हिडिओ आहेत याचे, आणि सगळे इथेच थांबतात. खरी मजा पुढे आहे, आणि तिला आठवीचंच बीजगणित लागतं. मोठ्याकडून लहानाकडे अंक क, ख, ग, घ धरा. मोठी संख्या १०००क + १००ख + १०ग + घ. लहान १०००घ + १००ग + १०ख + क. वजाबाकी केली की उरतं ९९९(क − घ) + ९०(ख − ग). जरा थांबून बघा हे. उत्तर चार अंकांवर अवलंबून नाहीच. फक्त दोन फरकांवर आहे. पहिला फरक १ ते ९ मधला, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असू शकत नाही. मोजा किती जोड्या होतात: २ + ३ + … + १०, म्हणजे ५४. चार अंकी ८९९१ संख्या (सारख्या अंकांच्या ९ वगळून) पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत कोसळतात! उरलेलं काम एका रविवारच्या दुपारचं आहे. त्या ५४ उत्तरांचा पुढचा प्रवास हाताने करून बघायचा. सगळी ६१७४ ला पोचली की सिद्धता पूर्ण. कॉम्प्युटर नको, कॅल्क्युलस नको. वर नऊने भाग का जातो तेही सूत्रातच दिसतं. ६१७४ म्हणजे ९ गुणिले ६८६. आणि ६८६ म्हणजे ७ चा घन दुप्पट. या शेवटच्या योगायोगाचं मला आजही हसू येतं.

हे केलेली मुलगी आठवीतच असते, पोर्शन एका ओळीनेही पुढे सरकलेला नसतो. पण तिने जे केलं ते अकरावीतल्या बहुसंख्य मुलांनी कधीच केलेलं नसतं. अमेरिकेत गणितवेड्या मुलांसाठी पुस्तकं आणि वर्ग चालवणारे रिचर्ड रुस्झिक नुसतं पोर्शनमध्ये पुढे पळवण्याला कॅल्क्युलसचा सापळा म्हणतात. हुशार मूल कंटाळलं की त्याला पुढच्या इयत्तेच्या पुस्तकात ढकलायचं, आणि तिथेही तेच, नेमून दिलेली उदाहरणं नेमलेल्या पद्धतीने. श्रीराम अभ्यंकर, हार्वर्डला १९५५ मध्ये पीएचडी झालेले आपले मोठे बीजगणिती, आयुष्यभर सांगत राहिले की हायस्कुलातल्या बीजगणितात केवढी ताकद आहे. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. तिथे शाळकरी मुलांची ऑलिंपियाडची तयारी करून घेतली जाते.

ज्या भास्कराचार्यांचं नाव त्या संस्थेला आहे, त्यांचा मागही तुमच्याच रेल्वेमार्गावर सापडतो. मनमाडवरून पुढे चाळीसगाव, आणि तिथून जवळ पाटण. तिथल्या शिलालेखात त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. त्या ग्रंथांचा क्रम बघा: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित, गोलाध्याय. आधी व्यवहाराचे आकडे, मग अव्यक्त राशी, मग आकाश. १२०७ च्या सुमाराचा हा अभ्यासक्रम, आणि न्यू जर्सीतल्या डब्यांपेक्षा मला तो जास्त आवडतो.

तर व्यवहाराचं. ऑलिंपियाडची पहिली पायरी आयओक्यूएम, बहुधा सप्टेंबरात, आठवीपासून देता येते. तीन तास, तीस प्रश्न. उत्तर फक्त पूर्ण संख्येत लिहायचं, पर्याय नाहीत. त्यातून निवडलेली मुलं आरएमओला, मग आयएनएमओला जातात, मग प्रशिक्षण शिबिर आणि शेवटी सहा जणांचा देशाचा संघ; मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे सगळं बघतं. भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आहे, आणि १९९६ ची स्पर्धा मुंबईतच झाली. यात कॅल्क्युलस लागत नाही. संख्यांचे गुणधर्म, मोजणीच्या युक्त्या, भूमिती, बीजगणित. तुमच्या मुलीला पहिल्या वर्षी तीसपैकी चार आले तर पेढे वाटा. वर्गात नेहमी पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीला चार मिळणं हा तिच्या आयुष्यातला पहिला खरा गणिताचा तास असेल.

गणिताच्या बाईंना एकदा भेटा, पण ‘माझी मुलगी फार हुशार’ अशी सुरुवात नको. त्या वाक्याने शिक्षक दरवाजे लावतात, मी स्वतः लावलेत. एवढंच विचारा, की सरावसंच आधीच झाला असेल तर तासाला तिने मागच्या बाकावर बसून आपली वेगळी उदाहरणं सोडवली तर चालेल का. बहुतेक बाई हो म्हणतात. जेईईचं काय ते दहावीच्या निकालानंतर तिलाच ठरवू दे. क्लासचे पैसे तोवर बँकेत पडू देत.

आणि हे तिच्यासाठी, तुमच्यासाठी नाही. कापरेकर मास्तरांनी काही संख्यांना आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. एखादी संख्या घे आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळव: १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ ला १५ ने जन्म दिला. पण २० ला कुणीच जन्म देत नाही, करून बघ. अशा बिनआईबापांच्या संख्या म्हणजे देवळाली संख्या: १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, दर वेळी अकराने पुढे, थेट १०८ पर्यंत. त्यानंतर ११९ यायला हवी होती. येते ११०. अकराचा हा ताल तिथेच का मोडला, ते शोध आणि पोस्टकार्डावर मला कळव. आईला विचारू नकोस.